रोझाल्बाच्या हाती वस्तरा

माझे सासरे गास्पारे अंजिराच्या झाडावरून पडले ते नेमके लीबोरियोच्या लग्नाच्या तोंडावर. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. आमच्या किनाऱ्यावरच्या गावात दाढी करायची ती त्यांच्याच दुकानात. लीबोरियो बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचा. साठी उलटलेला विधुर, आता आसुंताशी दुसरं लग्न करत होता. दुसऱ्या कुणाचा वस्तरा त्याने कधी गालाला लागू दिला नव्हता.

"लग्न पुढे ढकल," सासरे त्याला म्हणाले.

"आसुंताला तुम्ही सांगा. मला जीव प्यारा आहे."

माझी बायको रोझाल्बा वरच्या गल्लीत बायकांचे केस कापायची. ती म्हणाली, "लीबोरियोकाका, मी करते तुमची दाढी." दोघंही खो खो हसले. हसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

"कात्री वेगळी, वस्तरा वेगळा," सासरे म्हणाले. "आधी त्याला पट्ट्यावर फिरवायला शीक. मग गळ्याचं बघू."

खुर्चीच्या बाजूला धार लावायचा चामड्याचा लांब पट्टा टांगलेला असायचा. रोझाल्बाने तो ताणून धरला आणि वडिलांसारखाच सट् सट् वस्तरा चालवायला गेली. परतताना धार चामड्यात रुतली आणि पट्ट्याला चीर पडली.

"पट्टा आहे तो, कापायचा पाव नव्हे!" सासरे ओरडले.

"तुम्ही करता तेव्हा असाच आवाज येतो, बाबा!"

"आवाज हवाय तर टाळ्या वाजव. पाठ पुढे, धार मागून. पातं आडवं, अगदी टेकलेलं. टोकाला पोचलीस की पाठीवर उलटव, धारेवर नाही. आणि दाबू नकोस. वस्तऱ्याला वजन आहे त्याचं त्याचं."

ती हट्टाने, हळूहळू शिकली. रोज संध्याकाळी मी मिठागरावरून परतलो की हुकूम व्हायचा, "बार्तोलो, हात आण." मग माझ्या हातावरचे केस कापून धार बघायची. सुरुवातीला केस नुसते ओढले जायचे, मी बोंबलायचो. पुढे पुढे पातं टेकताच गळून पडायला लागले. आठवडा सरला तेव्हा माझे हात पिसं काढलेल्या कोंबडीसारखे दिसत होते आणि मिठागरावरची मंडळी मला "नवरीबाई" म्हणत होती.

एकदा तिने वस्तरा पुसून त्याला स्वयंपाकाचं तेल लावलं. सासरे कपाळाला डावा हात लावून म्हणाले, "चिकट होईल गं! शिवणयंत्राचं तेल घे, थेंबभर. त्याआधी कोरडा कर. इथली हवा खारी, रात्रीत गंज धरतो."

लग्नाच्या सकाळी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. लीबोरियोने खुर्चीत बसून छातीवर क्रूसाची खूण केली. रोझाल्बाने सावकाश वस्तरा पट्ट्यावर फिरवला, फेस लावला आणि कानशिलापासून खाली आली. जबड्याखाली पोचल्यावर ती थांबली.

"काय झालं?" लीबोरियोने डोळे न उघडता विचारलं.

"वस्तरा केस ओढतोय."

सासऱ्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिने पातं पुसलं, पुन्हा पट्ट्याकडे गेली, आणि परत आली तेव्हा वस्तरा गळ्यावरून लोण्यासारखा उतरला.

इतक्यात दारात आसुंता. केसांत कुरळे करायच्या गुंडाळ्या, अंगात घरचा झगा. तिचेही केस रोझाल्बाच करणार होती.

"अजून झालं नाही? आणि ती मिशी कशाला ठेवलीय? काढ गं ती!"

"मिशी?" लीबोरियो खुर्चीतून उसळला, आणि हनुवटीवर लाल थेंब उमटला.

"मला तुझं तोंड बघायचंय एकदा. मिशीशी नाही लग्न करत मी."

लीबोरियोने आळीपाळीने सगळ्यांकडे बघितलं. कुणी मदतीला आलं नाही. त्याने मान मागे टाकली आणि म्हणाला, "काढ, पोरी."

चर्चमध्ये त्याच्या सख्ख्या बहिणीने त्याला पाहुणा समजून मागच्या बाकावर बसायला सांगितलं. आसुंता मात्र त्याच्याकडे बघून अशी हसली की पाद्रीही क्षणभर थांबले. सासरे जेवणावळीत टेबलाटेबलाशी जाऊन सांगत होते, "हनुवटीवरचं ते त्याच्याच चुकीने हं. तो हलला. माझ्या पोरीचा हात नाही हलला."

प्लास्टर निघालं. सासरे जुना डगला चढवून ऐटीत खुर्चीमागे उभे राहिले. पहिलं गिऱ्हाईक आत डोकावलं आणि म्हणालं, "रोझाल्बा नाही?"

दुपारी सासऱ्यांनी दुकानातली मोकळी जागा पावलांनी मोजली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बार्तोलो, सुताराकडे जा. आणखी एक खुर्ची मावते का इथे, ते बघायला बोलाव त्याला."