पिसांचा मासा

मी एक मासा बोलतोय. पोहता न येणारा, अंगात काटा नसलेला आणि पोटात गळ असलेला खोटा मासा. उशीतली पांढरी पिसं, पडद्याच्या झालरीतली चंदेरी जर आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी, एवढंच माझं शरीर. धरणातल्या मोठ्या माशाने मला खरा समजून तोंड घालावं, यासाठी माझा जन्म.

मला जन्म दिला तो पडदे शिवणाऱ्या बाईने. घरातल्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे तागे आणि कड्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा. तिच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. गाडी वळणावर असतानाच तिच्या आवाजावरून तो सांगायचा, कुठे दुखतंय ते. सुट्टीच्या दिवशी मात्र स्वारी धरणावर. माझ्यासारखे मासे तेव्हा तो स्वतः स्वयंपाकघरातल्या टेबलावर बांधायचा आणि ती कुरकुरायची, "घरभर नुसती पिसं! मी माणसाशी लग्न केलंय की कोंबड्याशी?"

मग त्याला काचबिंदू झाला. नजर कडेकडेने विझत गेली आणि एक दिवस उजेड-अंधार एवढंच उरलं. गॅरेज पुतण्याकडे गेलं, मासेमारीची काठी दाराच्या खिळ्याला टांगली गेली आणि तो खुर्चीत बसला तो बसलाच.

"जरा बाहेर तरी पडा," ती म्हणायची.

"कशाला? बाहेर काय बघू?"

ती परत मशीनवर जाऊन बसायची.

पानं गळायला लागली, तशी एका दुपारी तिने त्याची मासेमारीची पेटी उघडली. मशीनच्या दिव्याखाली गळ चिमट्यात धरला आणि दोरा गुंडाळायला लागली. बोटाला गळ लागला, रक्त आलं. बांधलेलं दोनदा उसवलं. शेवटी जो झाला तो मी. पोट सुटलेलं, शेपूट वाकडं, एक डोळा जरा वर. तिने मला त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने मला बराच वेळ चाचपलं.

"हे काय? दात घासायचा ब्रश?"

"मासा आहे."

"असा मासा पाण्यात उतरला तर बाकीचे हसून मरतील."

"मरू देत. आयतेच हाती लागतील. उद्या जायचंय आपल्याला."

तो हसला. त्या घरात फार दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने त्यांना धरणावर सोडलं. तिला पोहता येत नव्हतं; पाण्याची तर तिला लहानपणापासून धास्ती. तरी ती नावेत वल्ही घेऊन बसली. नाव आधी स्वतःभोवतीच गरगरली, मग कशीबशी आतल्या खाडीसारख्या वळणात शिरली.

या दिवसांत तिथे माशांची चंदेरी पिल्लं थव्याने जमतात. खोल पाण्यातले मोठे मासे त्यांना घेरतात आणि वर रेटत आणतात. क्षणभर पाणी उकळल्यासारखं होतं, लगेच शांत. मग दुसरीकडेच उकळी फुटते.

"डावीकडे! अहो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे!" ती ओरडायची. तोवर उकळी विरलेली असायची आणि मी रिकाम्या पाण्यात पडायचो. एकदा तर थेट तिच्या जाकिटाच्या पाठीत रुतलो.

त्याने काठी खाली टाकली. "बास. चल परत. आंधळ्याने मासे धरायचे आणि भित्रीने नाव हाकायची. चांगलं सोंग काढलंय आपण!"

तिने वल्ही वर उचलली, पण नाव वळवली नाही. हळूच म्हणाली, "मला किती भीती वाटतेय, ते तुम्हाला माहितीये. तरी आलेय ना मी? तुम्ही निदान बसा तरी."

वल्ह्यांवरून पाणी ठिबकायचं थांबलं. आणि त्या शांततेत त्याने मान कलती केली, बिघडलेल्या इंजिनावर करायचा तशी.

"हलू नकोस," तो पुटपुटला.

दूर पत्र्यावर मूठभर धान्य सांडावं तसा आवाज आला. पिल्लं जीव घेऊन उडत होती. त्यामागून एक जड 'डुबुक'. त्याने काठी उचलली, दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवली आणि आवाजावर सोडली.

मी खऱ्या पिल्लांच्या मधोमध पडलो. माझं वाकडं शेपूट बघायला कुणाला सवड होती! तो दोरी हिसके देत ओढू लागला, तसा मी जखमी झाल्यासारखा लटपटलो. आणि खालून अंधारच वर आला.

काठी कमानीसारखी वाकली. "लागला! जाळी घे, जाळी!" नाव डुलत होती. एका हाताने तिने कड घट्ट धरली आणि दुसरा हात जाळीसकट कोपरापर्यंत पाण्यात घातला. घातला तेव्हा तिला भीती आठवलीच नसावी.

त्याने ओल्या बोटांनी मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत वाचला. "रंग सांग."

"पाठ शेवाळासारखी. पोट पांढरं. मध्ये काळा पट्टा, पुसट होत गेलेला. आणि डोळा... केवढा रागावलाय तुमच्यावर!"

त्याने मला हळूच सोडवलं, मासा पाण्यात धरून ठेवला आणि तो आपल्या बळावर निसटला तेव्हाच हात बाहेर काढला.

"सोडलात?"

"त्याला दिसतंय अजून. जाऊ दे, बघू दे."

ती हसता हसता डोळे पुसत होती.

त्या माशाच्या दातांनी माझी जर उसवली, पिसांचा चोथा झाला. आता मशीनशेजारी सुया टोचायच्या उशीवर मी असतो. तिचे नवे मासे सुबक होतात; तेच पाण्यावर जातात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

एवढंच मागणं आहे: मला पुन्हा पाण्यात टाकू नका, पण टाकूनही देऊ नका. संध्याकाळी ती दोघं ओल्या बाह्यांनी परत येतात आणि आज पाणी नेमकं कुठे वाजलं, यावरून भांडत बसतात. ते भांडण ऐकायला घरात कुणीतरी हवंच ना!