वाघिणीची उजवी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे, आणि जुनी म्हणून कोणी माझी कीव केलेली मला खपत नाही. कॅमेऱ्याच्या तोंडावर मी बसते. कॅमेरा जे काही बघतो ते माझ्या डोळ्याने बघतो, आणि कौतुक मात्र त्याचं होतं. असो, ते दुखणं जुनं आहे.

माझ्यासारखीला प्राइम म्हणतात. मला पुढे-मागे सरकता येत नाही. माणूस फोटोत मोठा हवा असेल तर फोटो काढणाऱ्याने आपले पाय उचलायचे आणि जवळ जायचं. पण माझा डोळा रुंद आहे. जिथे बाकीच्यांना अंधार दिसतो तिथे माझं थोडक्या उजेडात भागतं. दूर देशातल्या कारखान्यात मला घासूनपुसून घडवलं आणि नागपूरच्या दुकानातून नंदिनी खोब्रागडेने मला उचललं. राजुऱ्याला बसस्टँडच्या मागे तिचा फोटो स्टुडिओ आहे. खोली एवढीशी, की खुर्चीवरच्या माणसाने पाय लांब केले तर ते तिच्या पायांना लागतात. तिथे मी नवऱ्यामुली पाहिल्या, पहिल्या नोकरीचे चेहरे पाहिले, दीक्षाभूमीला निघालेली पांढऱ्या कपड्यांतली अख्खी कुटुंबं पाहिली. लोक म्हणत, "नंदिनीबाईच्या फोटोत मानूस जित्ता दिसते." त्यातला अर्धा मान माझा आहे.

पण नंदिनीच्या मनात वाघ होता. चंद्रपूर जिल्ह्यात कॅमेरा हातात धरला की वाघ मनात शिरतोच, त्याला इलाज नाही. तिचा मावसभाऊ राजदीप जंगलाचे फोटो काढायचा. त्याने नवी झूम लेन्स घेतली आणि जुनी नंदिनीला देऊ केली. झूम म्हणजे लांबच लांब नळकांडं, झाडाच्या शेंड्यावरचा पोपट अंगणात आणून ठेवणारं. मी तिला मोठीबाई म्हणत असे.

"दोन दिवस वापरून पाह्य," राजदीप म्हणाला. "आवडली तं ठेव. वरून थोडेसे पैसे दे आन् तुही म्हातारी मले दे. लग्नाच्या कामाले येईन."

म्हातारी म्हणजे मी. नंदिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, चालते." एवढ्या वर्षांच्या संसाराला दोन शब्द. मोठीबाई कॅमेऱ्यावर चढली आणि मी पिशवीच्या तळाशी गेले. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं.

त्याच्या महिनाभर आधी जंगलालगतच्या एका गावात मोठी आफत आली होती. झिंगू आत्राम पहाटे मोहफुलं वेचायला गेला आणि वाघाने त्याला धरलं. सोबतचे लोक ओरडत धावले म्हणून तो जगला, पण चेहऱ्याची उजवी बाजू कपाळापासून हनुवटीपर्यंत फाटली. जखम भरल्यावर मदतीच्या कागदासाठी फोटो हवा म्हणून त्याची बायको सोमारी त्याला आमच्या स्टुडिओत घेऊन आली होती. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. नंदिनी म्हणाली, "भाऊ, दुपट्टा काढा लागते." तो खुर्चीवरून उठला आणि फोटो न काढताच निघून गेला. सोमारी दारात थोडा वेळ थांबली आणि त्याच्या मागे गेली.

तिकडे गाव चिडलेलं होतं. नाल्यापलीकडे दोन पिल्लांची एक वाघीण राहत होती आणि सगळ्यांचा संशय तिच्यावरच. आता पिंजरा यायला एकच दिवस उरला होता. दीपिका मडावी या तिथल्या वन अधिकारी. त्यांच्याजवळ हल्ल्याच्या पहाटेचा एक फोटो होता, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला. त्यात वाघाची उजवी बाजू दिसत होती. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. पण डाव्या अंगाचे वेगळे आणि उजव्या अंगाचे वेगळे. आणि वाघिणीचे जेवढे फोटो होते ते सगळे डाव्या बाजूचे. पाणवठ्यावरचा कॅमेरा अस्वलाने उपटून फेकला होता. राजदीप लग्नाच्या कामाला सिरोंचाला गेलेला. तेव्हा मोठी लेन्स कोणाकडे आहे याची चौकशी होत होत मॅडमचा फोन नंदिनीला आला.

म्हणजे बोलावणं मोठीबाईला होतं. मी पिशवीत होते म्हणून गेले.

जंगलाच्या नाक्यावर सोमारी उभी होती. ती नंदिनीला म्हणाली, "बाई, मले बदला नाई पायजे. ज्यानं माह्या मानसाले धरलं त्यालेच न्या. भलतीलेच नेलं तं तो जंगलातच राह्यला. मंग आमी तेंदूपत्त्याले कोन्या हिमतीनं जावाव?"

नंदिनीने पिशवीचा पट्टा घट्ट धरला, ते मला आतून कळलं.

पाणवठ्याकाठच्या मचाणावर नंदिनी आणि मॅडम दुपारीच चढल्या. पाणी जवळच होतं, दगड भिरकावला तर पडेल एवढं. वाघीण दुपारी आली असती तर मोठीबाईने काम फत्ते केलं असतं आणि मी तुम्हाला ही गोष्ट सांगायला उरले नसते. पण वाघीण काही आमच्या सोयीने येणार नव्हती. ऊन गेलं, सावल्या एकमेकींत मिसळल्या, आणि मग ती आली. मागे दोन पिल्लं. वाघांच्या रीतीप्रमाणे ती उलटी चालत पाण्यात शिरली आणि पाठ बुडवून बसली. डावी बाजू आमच्याकडे.

पिल्लांच्या खेळापायी ती मध्ये एकदा वळली. नंदिनीने धडाधड फोटो घेतले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. वाघीण फोटोभर होती, पण सगळे पट्टे भाकरीच्या पिठासारखे कालवलेले. लांबचं बघणाऱ्या डोळ्याला उजेड भरपूर लागतो, आणि उजेड तर संपत आला होता.

"हे नाई चालत," मॅडम कानाशी पुटपुटल्या. "पट्टे मोजता आले पायजेत."

"फ्लॅश?"

"बिलकुल नाई. पिल्लं हायेत सोबत."

नंदिनीचा हात पिशवीत आला. चाचपडला नाही, सरळ माझ्यापाशी आला. पण तो थांबला. माझ्यातून वाघीण लहान दिसणार होती. आणि लेन्स बदलेपर्यंत कॅमेरा आंधळा. तेवढ्यात वाघीण उठून गेली तर? तर उद्या पिंजरा तिच्यासाठीच उघडणार होता, पिल्लं उपाशी मरणार होती आणि खरा हल्ला करणारा मोकळा फिरणार होता.

तिने मोठीबाईला उतरवून मांडीवर ठेवलं आणि मला चढवलं. न बघता. इतक्या वर्षांचा हात होता तो. मी जागेवर बसताना टक् असा आवाज झाला, माझी जन्माची खोड. वाघिणीने मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मी कितीतरी डोळे पाहिलेत, पण तसे नाही.

मग एक पिल्लू काठावरून घसरलं आणि चिखलात पडून केकाटलं. आई पाण्यातून निघाली, वळली आणि आमच्या समोरून चालत गेली. उजवी बाजू, ओली, लखलखीत. मी डोळा होता तेवढा उघडला. होता नव्हता तो सगळा उजेड मी गोळा केला आणि आत सोडला.

पडद्यावर वाघीण पायरीवरच्या मांजरीएवढी दिसत होती. नंदिनीने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. पट्टा न् पट्टा वेगळा होता. मॅडमनी तिचा खांदा असा दाबला की मचाण हललं.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर गावापुढे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. हल्ला करणाऱ्याच्या मांडीवर चिमट्यासारखा दुभंगलेला पट्टा होता. वाघिणीच्या मांडीवर तो नव्हताच, तिथे दोन गोल कडी होती. लोक पुढे येऊन बोट लावून बघत होते. मग एक म्हातारा म्हणाला, "ही ते नोहे." आणि सगळं गाव तेच म्हणू लागलं. पिंजरा नाल्याच्या दुसऱ्या अंगाला हलला. काही दिवसांनी त्यात एक मोठा नर अडकला, मांडीवर तोच चिमट्यासारखा पट्टा घेऊन. बाया तेंदूपत्ता तोडायला गेल्या आणि सगळ्या परत आल्या. माझा आनंद पोटात मावत नव्हता.

राजदीप सिरोंचाहून आला तो थेट स्टुडिओत. "काय मंग, म्हातारी देऊन राह्यली ना?"

नंदिनी उत्तर देणार तेवढ्यात दारात सोमारी आली. मागे झिंगू, तोंडाला दुपट्टा. तो खुर्चीवर बसला. राजदीपने उत्साहाने मोठीबाईला कॅमेऱ्यावर चढवलं आणि मागे सरकला. पाठ भिंतीला लागली तरी तिला चेहरा नीट दिसेना. तो दाराबाहेर गेला, नालीपर्यंत गेला, तेव्हा मध्ये एक म्हैस येऊन उभी राहिली. सोमारी तोंडाला पदर लावून हसली.

नंदिनीने कॅमेरा घेतला, मला लावलं आणि झिंगूच्या जवळ जाऊन बसली. सवयीने म्हणाली, "भाऊ, थोडी मान वळवा, डाव्या बाजूनं घेतो. चांगला येईन."

झिंगूने दुपट्टा सोडला आणि मांडीवर ठेवला. मान वळवली, पण दुसरीकडे.

"वाघिनीची उजवी काढली ना तुनं," तो म्हणाला. "माही बी उजवीच काढ."

मी पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत पट्टे होते, आणि त्यांच्यामध्ये एक डोळा, अगदी रोखलेला. आयुष्यात माझ्यातून गेलेला तो सगळ्यात सुंदर चेहरा.

राजदीप दारात उभा राहून बघत होता. "ठेव तुही म्हातारी," तो म्हणाला. "झूमचे पैसे सवडीनं दे." आता पिशवीत आम्ही दोघी शेजारी असतो. दुपार तिची, संध्याकाळ माझी, आणि भांडण अधूनमधून.

मित्रांनो, पावसाळ्यात आमच्या काचेवर बुरशी चढते. म्हणून आम्हाला कोरड्या डब्यात ठेवा, मऊ कापडाने पुसा आणि बोटं लावू नका. आणि लांबचं दिसावं म्हणून जवळचं बघणारीला विकायला निघालात, तर आधी एकदा संध्याकाळ होऊ द्या.