चाकणचा फोन

चाकणच्या कारखान्यात दुपारी छताचा पत्रा तापला, की वेल्डिंग मशीनचा कंट्रोलर बंद पडायचा आणि मशीन चालवणाऱ्या शेखरचा फोन हिंजवडीच्या ऑफिसात अबोलीकडे यायचा. "मॅडम, तुमचं बाळ झोपलं बघा परत!" ते थंड होईपर्यंत दोघांच्या गप्पा रंगायच्या.

चूक अबोलीचीच होती. एसीत बसून कंट्रोलरचा ड्रायव्हर प्रोग्रॅम लिहिताना तिनं प्रोसेसर बंद व्हायची मर्यादा पंच्याऐंशी अंशांवर ठेवली होती. चिप तर एकशेपाचपर्यंत सहज टिकणारी. हे कळूनही ती दुरुस्ती आज-उद्यावर ढकलत राहिली. शेवटी साहेब भडकले, तेव्हा तिनं मुकाट्यानं आकडा बदलून पाठवला.

दुसऱ्या दिवशी रणरणतं ऊन होतं. अबोली डबा न उघडता फोनकडे बघत बसली. संध्याकाळी शेखरचा मेसेज आला : "मशीन एकदाबी थांबलं न्हाई. आता तुमाला माझा त्रास न्हाई, मॅडम."