बोटावरचं कडं

नई सडकेवर क्रोशा म्हटलं की लीलाताई, असा लौकिक होता, आणि तो कानावर आला की हसू फुटायचं ते लीलाताईंनाच. कारण या विदुषीबाईंना क्रोशाची सुरुवातच येत नव्हती! खांब घाला म्हणा, साखळ्या घाला म्हणा, रेडिओवरच्या रुमालाला झालर लावा म्हणा, हात भराभर चाले. पण बोटाला दोरा गुंडाळून ते पहिलं कडं करायचं, त्यात खांब बसवायचे आणि दोऱ्याचं शेपूट ओढून ते मिटवायचं, तिथे गाडं अडायचं. बोट काढलं की कडं गायब.

मग काय, दुपारची जेवणं आवरली की बाई रीळ-सुई घेऊन वरच्या मजल्यावर, शामलाकडे. शामला चहा टाके आणि बोलता बोलता चार-पाच कडी करून देई.

"अगं, शिकून घे की. दोन मिनिटांचं काम."

"तूच कर गं बाई. माझ्या डोक्यात बटाटे भरलेत," असं म्हणून लीलाताई चिवड्याचा डबा पुढ्यात ओढत.

तीच कडी संध्याकाळी शिकायला येणाऱ्या मुलींना वाटायची, आणि वर ऐट कोण! "सुरुवात नाजूक असते, ती मीच देणार."

एकदा त्यांतली कुमुदिनी म्हणाली, "ताई, शुरू कसं करायचं ते पण सांगा ना."

"आधी खांब सीधे घाल," म्हणत लीलाताईंनी तिला गप्प केलं. काय पण गुरू लाभलाय पोरींना, असं मनात आलंच.

सगळं कसं छान चाललं होतं, तेवढ्यात सरकारनं राज्यांची नव्यानं जुळवाजुळव काढली. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळला. दफ्तरं हलली, आणि दफ्तराबरोबर शामलाचे यजमान भालचंद्ररावही निघाले. लीलाताईंना पहिली चिंता पडली ती एकच. आता मुलींसमोर पितळ उघडं पडणार! मागे इथलं संस्थान विलीन झालं तेव्हा सासऱ्यांनी अन्न सोडलं होतं आणि याच बाई तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. सासऱ्यांचं निदान राज्य तरी गेलं होतं. इथे एका कड्यापायी घास उतरेना.

निघायच्या दिवशी टांगा दाराशी लागला तरी लीलाताई रीळ-सुई घेऊन वर गेल्याच. खोली रिकामी झाली होती. शामला बांधलेल्या वळकटीवर बसली होती.

"शिकव," लीलाताई म्हणाल्या.

"आत्ता?"

"मग काय भोपाळहून पोस्टानं धाडणार आहेस?"

शामलानं एकदा करून दाखवलं, उसवलं आणि दोरा त्यांच्या हातात दिला. लीलाताईंनी बोटाला गुंडाळला, सुई खालून घातली, खांब बसवले, शेपूट ओढलं. कडं मिटलं! घट्ट, गोल, मध्ये भोकसुद्धा नाही. तेही पहिल्याच खेपेला.

लीलाताई बघतच राहिल्या. एवढंच होतं? मग इतकी वर्षं बटाट्यांच्या नावावर आपण काय खपवलं ते त्यांना लख्ख कळलं. कडं आलं असतं तर रोज दुपारी जिना कशाच्या निमित्तानं चढला असता? मुली नि पितळ, सगळं झूट. शामला चालली होती, आणि शामलावाचून त्यांना करमणार नव्हतं.

खालून टांगेवाला ओरडला, "बाईसाहब, गाडी छूट जाएगी!"

शामला उठली. "आलं ना?"

लीलाताईंनी कडं मुठीत दडवलं. "छे गं. बटाटे ते बटाटेच. पुन्हा एकदा दाखव ना."

मुठीतून डोकावणाऱ्या शेपटाकडे शामलानं पाहिलं. मुठीतून रिळाकडे गेलेला दोरा तिनं तोडला, परत वळकटीवर बसली आणि नवा दोरा बोटाला गुंडाळायला लागली, अगदी सावकाश.