सात वेश आणि ओव्याची पुडी

आमचे हे, म्हणजे सुदर्शन, स्टेजवर चार मिनिटांत सात वेश बदलतात. बदलते मी, सुलेखा. टाळ्या यांना, अन् घाम माझा! सातही वेश एकावर एक अंगात असतात, प्रत्येकाची एक दोरी पाठीवर. हे काळ्या पडद्यामागं आले की वरची दोरी ओढायची. तो वेश गळतो, खालचा दिसतो. मी बी काळ्या कपड्यात. बावीस वर्षांत बघणाऱ्यांनी माझं तोंड पाहिलेलं नाय.

त्या मे महिन्यात लढाई सुरू झाली अन् आमची पोटं बिघडली. आमचा एकुलता एक ऋतुराज फौजेत, सरहद्दीवर. तीन दिवस त्याचा फोन नाय. टीव्हीवाले बोंबलत होते, घास घशाखाली उतरत नव्हता. ओवा भाजून काळ्या मिठासंग खाल्ला, बेंबीला हिंग लावला, लिंबू-सोडा झाला. शेजारच्या मनकर्णाबाई म्हणाल्या, "अगं, हे अपचन नाय, धसका हाय." मी खेकसलेच, "तुमच्या जिभेला काय हाड हाय का नाय!" त्यांचं खरं होतं, म्हणूनच राग आला.

चौथ्या दिवशी मुकुंदवाडीत जवानांच्या मदतीसाठी आमचा कार्यक्रम होता.

"अहो, शेवटचा जवानाचा वेश तेवढा काढा," मी म्हणलं. "माझ्यानं बघवणार नाय."

"लोक तोच बघायला येणार," हे म्हणाले. वर ओव्याची एक पुडी तोंडात रिकामी केली.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. वासुदेव झाला, कोळी झाला, पोस्टमन, वकील, डॉक्टर झाला. आता नवरदेव, अन् मग जवान. हे पडद्यामागं आले, मी दोरीला हात घातला, तेवढ्यात कमरेचा फोन थरथरला. अनोळखी नंबर. असे फोन कोणत्या घरी येतात, ते मी टीव्हीवर बघितलं होतं. नजर फोनवर गेली अन् एकीच्या जागी दोन दोऱ्या ओढल्या गेल्या. डॉक्टर गळला, त्याच्यासंग नवरदेव बी गळला. यांना पत्ताच नाय. बाहेर लग्नाची सनई लागली होती, अन् त्या सनईवर जवान स्टेजवर गेला.

मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाय. कार्यक्रम ठेवणाऱ्या नानासाहेबांनी पहिल्या रांगेत टोपी काढली अन् उभे राहिले. मग सगळा हॉल उभा राहिला, माना खाली घालून. लग्नाआधीच कामी आलेला पोरगा दाखवलाय, असं वाटलं त्यांना. मागून कुणीतरी ओरडलं, "अमर रहे!" अन् सगळ्यांनी ते उचलून धरलं.

अरे देवा! हे मधोमध उभे, तोंड पांढरंफटक. इकडं फोन थरथरतच होता. उचलला नाय तर काय झालंच नाय, असं येड्यासारखं वाटत होतं मला. शेवटी अंगठा दाबला. माझे हात कामात असतात, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"आई, मी ऋतू. दुसऱ्याचा फोन हाय, एकच मिनिट."

"मेल्या, कुठं होतास!" म्हणलं अन् लगेच जीभ चावली. रडूच फुटलं.

"आई, पोट लई बिघडलंय. काय घेऊ?"

मी पडदा सारला अन् तशीच उजेडात गेले. फोन यांच्या गालाशी धरला. तिथंच यांचा छोटा माइक चिकटवलेला होता. ऋतूचा "हॅलो" हॉलभर घुमला अन् घोषणा थांबल्या.

"ऋतू? ओवा हाय का रं तिथं?" यांचा आवाज चिरका निघाला. "चावून खा, वरून कोमट पाणी पी."

"ओवा हाय, बाबा. खाल्ला बी." मग पोरगं हळूच बोललं, "बाबा, भीती वाटतीय."

वर्दीतल्या माझ्या नवऱ्यानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"मला बी, रं," हे म्हणाले. "मला बी लई वाटतीय."