पाच टक्क्यांतला माणूस

मिनीबसचं दार उघडायच्या आत कारखान्याची कामगार-नोंद सांभाळणारी मॅडम नेमात निळ्या अ‍ॅप्रनांचा गठ्ठा घेऊन फाटकाशी उभी होती. एकेक माणूस खाली उतरला की त्याच्या गळ्यात अ‍ॅप्रन अडकवायचा, मागे नाडी बांधायची आणि आत पिटाळायचं. कामगार कार्यालयाचा तपासनीस कुठल्याही क्षणी येणार होता.

"अ‍ॅप्रनला कोऱ्या कापडाचा वास येतोय," आंधळे शेख महरूस नाक वर करून म्हणाले. "मागच्या खेपेचा कुठे गेला?"

"तोच आहे, शेखसाहेब," कुबड्या सावरत फतही म्हणाला. "वर्षातून एकदा घातला तर कोराच राहणार."

"आणि मला बसवणार कुठे?"

"तपासणीच्या टेबलावर," नेमात म्हणाली. "कापडाचा रंग बघायला."

"रंग? बाई, जीन्सच्या कारखान्यात रंग बघायचा काय असतो? निळा आहे. झालं माझं काम, सोडा घरी."

सगळे हसले. नेमातही हसली, पण तिचा हात नाडीची गाठ मारताना तिसऱ्यांदा घसरला.

कायदा म्हणतो, शंभर कामगारांमागे पाच अपंग असलेच पाहिजेत. हाज फिक्रीच्या कारखान्यात ते होते. फक्त ते कारखान्यात नव्हते. बिलबेसच्या आसपासच्या गावांत आपापल्या घरी होते. अर्धा पगार घरपोच आणि अट एकच, कामावर यायचं नाही. या रीतीला औद्योगिक वसाहतीत कोणी लबाडी म्हणत नसे. माणुसकी म्हणत. बिचाऱ्यांना बसून मिळतंय, आणखी काय हवं? असं विचारणाऱ्यांपैकी एकालाही बसवून ठेवलेलं नव्हतं.

बयूमी सगळ्यांत शेवटी उतरला. दाढी घोटलेली, शर्टाला कडक इस्त्री, हातात वालाची उसळ भरलेले पाव बांधलेली पुरचुंडी. नेमातने अ‍ॅप्रन पुढे केला.

"माझा आहे," तो म्हणाला. तीन वर्षांपूर्वीचा, धुऊन धुऊन पांढुरका पडलेला अ‍ॅप्रन तो घरूनच घालून आला होता. खिशात धागे तोडायची छोटी कात्री होती.

नेमातने पेन काढायला पिशवीत हात घातला आणि पेनाबरोबर गोळ्यांचं पाकीट बाहेर येऊन धुळीत पडलं. बयूमीने वाकून ते उचललं, फुंकर मारली आणि तिच्या हातात दिलं.

"डोकेदुखीच्या," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि आत गेला.

बयूमी चेन लावायच्या मशीनवरचा उस्ता होता. कुशल कारागिरालाच लोक उस्ता म्हणतात, आणि त्याला सगळी रांग म्हणायची. एके सकाळी तो मशीनवर बसला आणि त्याचा पाय पेडलवर पडेना. रडला नाही, ओरडला नाही. हातात चेन धरून बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. पोरी आधी हसल्या, मग घाबरल्या. हाज म्हणाला, काढून टाका. तेव्हा नेमात मध्ये पडली. इस्पितळाच्या, सरकारी कचेरीच्या रांगांत तिने पायाचे तुकडे पाडले आणि बयूमीला अपंगत्वाचं कार्ड मिळवून दिलं. मानसिक, असं त्यावर छापलेलं. नोकरी वाचली. सगळ्या कारखान्याने तिची पाठ थोपटली.

त्या दिवशी ती त्याच्या मशीनवर हात ठेवून म्हणाली होती, "बरा झालास की हे तुझंच आहे, उस्ता."

तो बरा झाला. फोन करून त्याने ते सांगितलं. ती म्हणाली, बघते. त्याने पुन्हा फोन केला. पुढे पुढे त्याचं नाव फोनवर उमटलं की ती फोन पालथा घालून ठेवू लागली.

तपासनीस हिल्मी साहेब आले. चहा झाला, खजुराची बिस्किटं झाली. ते काही दूधखुळे नव्हते. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे हाजला ठाऊक होतं. पण खेळ म्हटला की नियमाने खेळावा लागतो. ते टेबलांमधून फिरले, शेख महरूस जीन्स डोळ्यांपुढे धरून मन लावून रंग बघत होते तिथे त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, आणि बयूमीपाशी थांबले. बयूमी धागे तोडत होता. त्याच्या शेजारी तयार कपड्यांची थप्पी लागली होती. बाकीच्यांपुढे एकेकच जीन्स पडून होती.

"रोज येता कामावर?" हिल्मी साहेबांनी विचारलं.

बयूमीने कात्री खाली ठेवली. "नाही, साहेब."

हाजच्या हातातली जपमाळ थांबली. रांगेतली दोनचार मशीनंही गप्प झाली.

"नाही म्हणजे?"

"शुक्रवारी कसा येणार?" बयूमी म्हणाला. "शुक्रवारी फाटक बंद असतं."

हशा उसळला. हाज सगळ्यांत मोठ्याने हसला. "बघा, साहेब, असली नमुनेदार माणसं आहेत माझ्याकडे!" हिल्मी साहेबांनी मान डोलावली, सही केली आणि जीन्सचा एक पुडा बगलेत मारून निघून गेले.

त्यांची गाडी वळली तसा पर्यवेक्षक अ‍ॅप्रन गोळा करत फिरू लागला. फतहीने काढून दिला, शेखसाहेबांनी काढून दिला. बयूमीने नवी जीन्स ओढून घेतली आणि धागे तोडू लागला. पर्यवेक्षक त्याच्यापुढे उभा राहिला, मग त्याने नेमातकडे पाहिलं.

ती हाजच्या खोलीत गेली.

"बयूमी पूर्ण बरा आहे, हाज. आज बघितलंतच तुम्ही. चेनच्या मशीनवर घेऊ या त्याला."

"बस, पोरी." हाजने बिस्किटांची ताटली तिच्यापुढे सरकवली. तो खरोखर मायेने बोलत होता. तेच तर वाईट होतं. "धडधाकट माणूस मला फाटकावर रोज मिळतो. कार्डवाला आजारी कुठून आणू? हा बरा झाला तर माझ्या पाचांतला एक गेला. मग पुन्हा कोणीतरी वेडा शोधा, पुन्हा तुझ्या त्या रांगा. तो आजारी आहे म्हणून माझ्या उपयोगाचा आहे. घरी सुखाने खातोय ना? मग त्याचं भलं तू कशाला मोडतेस?"

नेमातने बिस्कीट उचललं. खाल्लं नाही. ते हातात धरूनच ती बाहेर आली, आणि आपण ते का उचललं हे तिला कळेना.

मिनीबसचा भोंगा वाजत होता. बयूमी टेबलाशी एकटाच होता.

"नाही म्हणाला ना?" त्याने वर न बघता विचारलं.

"बघू म्हणाला."

"तुम्हाला खोटं नीट बोलता येत नाही, मॅडम. या खुर्चीवर इतकी वर्षं टिकलात कशा?"

तिने बिस्कीट दुसऱ्या हातात घेतलं. "घरी काही त्रास आहे का?"

"छे. मजा आहे. सकाळी सगळी गल्ली कामाला जाते. मी आणि मांजरं उरतो. बायको मुलूखियाची भाजी निवडायला बसवते. म्हणते, सावकाश निवड, घाई कसली आहे." त्याने एक धागा तोडला. "डॉक्टर म्हणतो, तुला आता काही झालेलं नाही. मी म्हणतो, कागदावर लिहून द्या. तो म्हणतो, कार्ड देणारे वेगळे."

"मग त्या साहेबाला खरं का नाही सांगितलंस?" तिचा आवाज चढला. आपल्याला राग येतोय याचीच तिला लाज वाटली. "इतकी चांगली संधी होती!"

"सांगून काय झालं असतं? पहिला बळी तुमचा. मागोमाग फतहीचा अर्धा पगार, शेखसाहेबांचा अर्धा पगार. मशीन मला हिल्मी साहेब देणार होते का?"

भोंगा पुन्हा वाजला. "उस्ता बयूमी!" फतही खिडकीतून ओरडला. "ओव्हरटाइम करतोयस काय रे? चल, शेखसाहेबांना भूक लागली!"

बयूमी उठला. जीन्सची थप्पी हाताने चापून सरळ केली, कात्री खिशात टाकली. अ‍ॅप्रन काढला नाही. चेनच्या मशीनवरून जाताना त्याने तिथल्या मुलीला मान लववली, मशीनकडे मात्र पाहिलं नाही. नेमात त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. काहीतरी बोलायला हवं होतं. माफ कर, हे शब्द तिच्या तोंडाशी आले आणि तिथेच राहिले, कारण माफी मागायची तर आधी काय केलं ते सांगावं लागतं, आणि तिने तर उपकार केला होता.

बसच्या पायरीवर एक पाय ठेवून तो वळला.

"मॅडम, त्या डोकेदुखीच्या गोळ्या."

तिने बसच्या खिडक्यांकडे पाहिलं. कोणी ऐकत नव्हतं.

"रिकाम्या पोटी घेऊ नका. हात थरथरतात. मलाही सुरुवातीला फार व्हायचं." त्याने तिच्या मुठीतल्या बिस्किटाकडे बोट केलं. "ते खा आधी."

"बयूमी, हे तू कोणाला..."

"मी कशाला सांगू? तुम्हीच जपा." त्याचा आवाज इतका हळू झाला की तिला पुढे वाकावं लागलं. "इथे कळू देऊ नका. नाहीतर तुमच्यावरही कोणीतरी उपकार करील."

दार लागलं. बस धूळ उडवत बिलबेसच्या रस्त्याला लागली.

नेमात परत आली तेव्हा हाज तिच्या टेबलापाशी उभा होता. तपासणी पार पडल्याने त्याचा चेहरा उजळला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"काय गं, पोरी, चेहरा केवढा उतरलाय! हात बघ कसे कापतायत." त्याने खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली. "फार धावपळ झाली तुझी. दोनचार दिवस घरी बस, आराम कर. पगाराची काळजी नको."

बिस्किटाचा तिच्या मुठीत चुरा झाला होता. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी ठणठणीत आहे, हाज," ती म्हणाली. "मला काहीसुद्धा झालेलं नाही."