आरतीला बसायचं नसतं

गुलाल. जागच्या जागी धावणाऱ्या बारा सायकली. एक डावा गुडघा. किल्ल्याखालचा मंडप. ओला टॉवेल.

या सगळ्यांची गाठ माझ्यापाशी पडते, मित्रांनो. मी एक जुना स्पीकर आहे.

सोनगीरला मी कानबाई देवीच्या मिरवणुकीत वाजायचो. माझा आवाज किल्ल्यावर ऐकू यायचा. मग मोठे स्पीकर आले आणि मी माळ्यावर गेलो. तिथून हेमलताने मला शहरात, देवपुरातल्या तिच्या व्यायामवर्गात आणलं. तिथे ती बायकांना गाण्याच्या ठेक्यावर सायकल शिकवते. सायकली खोलीतच, जमिनीला घट्ट.

ताईबाई तिथे गुडघ्यासाठी आल्या. दर श्रावणात कानबाई बसवलेला पाट डोक्यावर घेऊन त्या विसर्जनाला नदीपर्यंत चालायच्या. गेल्या वर्षी गुडघा अर्ध्या वाटेत अडला, पाट जावेला द्यावा लागला. यंदा तसं होऊ द्यायचं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, मांड्यांत बळ आणा.

हेमलता सुरुवातीला धडधडणारी गाणी लावायची. पाय मागे, गाणं पुढे.

"अक्का, आता चढ आहे. पेडलवर उभ्या राहा!"

"पडी जासू माय मी!"

दोन महिने ताईबाई सीटवरून उठल्या नाहीत.

माझी एक खोड आहे. फोनशी जोड तुटली की मी पोटातला पेनड्राइव्ह वाजवतो. एका सकाळी जोड तुटली आणि कानबाईची आरती सुरू झाली. हेमलता मला बंद करायला धावली.

"अव, आरती शे ना! बशी काय राह्यन्यात? उठा बठ्ठ्या!"

हे ताईबाई ओरडल्या. स्वतः पेडलवर उभ्या होत्या. अकरा जणी त्यांच्यामागे उठल्या. एका टाळीला एक पाय. हेमलताचा हात माझ्या बटणापाशी थांबला.

आरती संपल्यावर ताईबाईंनी खाली पाहिलं. "माय व! पायमा बूट शेतस ना!"

खोली हसली. मग त्या म्हणाल्या, "रोज नको लावू, पोरी. देवी म्हनी, हाई काय नवं!"

हेमलता किती हुशार! त्या दिवसापासून ती टाळ्या मोजून गाणी निवडते. हळदीची गाणी, अंग सैल करायला. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, झोक्याची गाणी सपाट रस्त्याला. चढाला आरतीच्या चालीचं दुसरं काही. आता गाणं पायांसोबत चालतं. तिच्यासारखं ऐकणारं माणूस मी मिरवणुकीतही पाहिलं नाही.

मित्रांनो, आवाज वाढवण्याआधी समोरच्याचा पाय कसा पडतो ते बघा. आणि जुन्या स्पीकरवर ओले टॉवेल वाळत घालू नका.

यंदा श्रावणात मी पुन्हा मिरवणुकीच्या हातगाडीवर चढलो. ताईबाई माझ्यापुढे होत्या. पाट घरापासून पांझरा नदीपर्यंत त्यांच्याच डोक्यावर राहिला.

पहिल्या दिवशी सायकलवर चढायला त्यांना स्टूल लागलं होतं.